नावडतीचं मीठ

न्यू जर्सीकडून हॉलंड टनेलमधून गाडी मॅनहॅटनला बाहेर पडते. तिथून पश्चिमेला थोडं चालत गेलं की स्प्रिंग स्ट्रीट हडसन नदीकाठच्या वेस्ट स्ट्रीटला येऊन मिळते. त्या कोपऱ्यावर एक बिनखिडक्यांची काँक्रीटची इमारत आहे. उंची 69 फूट, म्हणजे आपल्याकडच्या सहामजली चाळीएवढी. भिंतींना कुठेच सरळ रेघ नाही. सगळीकडे तिरके पैलू पाडलेले आणि तळाशी अंग चोरून घेतलेलं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हे एखाद्या अब्जाधीशाचं खासगी संग्रहालय असणार. आत आहे मीठ. 5,000 टन जाडं मीठ, हिवाळ्यात रस्त्यांवर टाकायचं. न्यूयॉर्कच्या सफाई खात्याचं हे गोदाम 2015 साली बांधून झालं आणि त्याला सुमारे दोन कोटी डॉलर लागले.

रस्त्यावर टाकायच्या मिठाला दोन कोटींचं घर कशाला, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला आणि तो रास्त होता. खरं तर त्याच्याही आधी बरीच वर्षं आजूबाजूचे लोक दुसराच प्रश्न विचारत होते: हे आमच्याच दारात कशाला?

आधी मिठाची गरज पाहू.

9 फेब्रुवारी 1969 ला न्यूयॉर्कमध्ये पंधरा इंच बर्फ पडला. या शहराला पंधरा इंच म्हणजे फार नव्हे. पण सफाई खात्याची सुमारे चाळीस टक्के बर्फ हटवायची यंत्रं तेव्हा नादुरुस्त होती. मॅनहॅटनचे रस्ते त्यातल्या त्यात लवकर उघडले, क्वीन्समधल्या गल्ल्या मात्र आठवडाभर तशाच पडून राहिल्या. बेचाळीस माणसं दगावली. नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी आणि संयुक्त राष्ट्रसंघातले बडे अधिकारी राल्फ बंच क्वीन्समध्ये राहायचे. त्यांनी महापौर जॉन लिंडसे यांना तक्रारीची तार केली. महापौर स्वतः क्वीन्समध्ये गेले, तर त्यांची गाडी बर्फात अडकली आणि लोकांनी तोंडावर शिव्या घातल्या. चार महिन्यांनी त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली. ते दुसऱ्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आले, पण ‘लिंडसेचा बर्फ’ हा शब्द त्यांना जन्मभर चिकटला. शिकागोचे मायकेल बिलँडिक एवढेही नशीबवान नव्हते. 1979 च्या जानेवारीतल्या हिमवादळानंतर रस्ते उघडेनात, आणि फेब्रुवारीच्या पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांनी त्यांना घरी बसवलं. तेव्हापासून अमेरिकेतला कुठलाही महापौर ढग भरून आले की आधी मिठाचा साठा विचारतो.

साठा हाताशी नसेल तर काय होतं, ते न्यू जर्सीने 2014 च्या फेब्रुवारीत अनुभवलं. वादळांमागून वादळं येत होती आणि राज्याच्या महामार्ग खात्याचं मीठ तळाला गेलं होतं. मेन राज्यातल्या सिअर्सपोर्ट बंदरात 40,000 टन मीठ तयार होतं. तिथे न्यूअर्ककडे यायला मोकळं जहाजही उभं होतं, पण ते परदेशी झेंड्याचं निघालं. 1920 च्या जोन्स कायद्याप्रमाणे अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेचंच लागतं. राज्याने सवलत मागितली, ती मिळाली नाही. मग जेमतेम 9,500 टन मावेल असा एक अमेरिकी बार्ज शोधून त्याच्या फेऱ्या सुरू केल्या. इकडे एडिसन, पिस्कॅटवेकडची आपली मंडळी ऑफिसला कसं जायचं याच्या फोनाफोनीत, आणि तिकडे मीठ कायद्याच्या दोरखंडाने धक्क्याला बांधलेलं.

तेव्हा पहिला धडा असा, की बर्फ पडायच्या आधी मीठ आपल्या अंगणात येऊन पडलेलं हवं. न्यूयॉर्क शहर आता हिवाळ्याच्या तोंडाशी सुमारे 70 कोटी पौंड, म्हणजे तीन लाख टनांहून अधिक मीठ जमवून ठेवतं. ते एका जागी ठेवून चालत नाही. मीठ पसरवणारा स्प्रेडर एका फेरीत दहा-पंधरा टन नेतो आणि रिकामा झाला की परत भरायला येतो. गोदाम दूर असेल तर निम्मी रात्र रिकामा ट्रक पळवण्यात जाते, आणि तोवर डांबरावर बर्फ घट्ट चिकटून बसतो. एकदा चिकटला की मग बर्फ ढकलणाऱ्या प्लाऊचं पातंही त्याच्यावरून नुसतं खरवडत जातं. म्हणून शहराच्या प्रत्येक भागाला आपापलं मीठ जवळ लागतं.

मीठ बर्फाचं नेमकं काय करतं, हे आइस्क्रीमचं लाकडी पॉट फिरवलेल्यांना वेगळं सांगायला नको. बर्फात जाडं मीठ घातलं की बर्फ वितळतो, पण होणारं पाणी शून्याच्याही खाली थंड राहतं आणि गोठत नाही. रस्त्यावर हेच घडवायचं असतं. मिठात उष्णता नसते. ते पाण्याचा गोठणबिंदू खाली ओढतं, एवढंच. 23 टक्क्यांच्या आसपास मीठ असलेलं पाणी उणे 21 अंशांपर्यंत गोठत नाही, पण तो प्रयोगशाळेतला आकडा झाला. रस्त्यावरचा हिशोब असा: उणे 1 अंशाला एक किलो मीठ साधारण 46 किलो बर्फ वितळवतं, उणे 9 ला तेच एक किलो जेमतेम सहा किलोंवर येतं. त्याहून थंडी वाढली की मीठ नुसतं खड्यासारखं पडून राहतं आणि टायरखाली उडून कडेला जातं. मग कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळावं लागतं, आणि ते महाग. म्हणून जाणकार डेपोत मिठाच्या शेजारी खारं पाणी बनवायची टाकीही असते. बर्फ पडण्याआधीच कोरड्या रस्त्यावर या ब्राइनच्या रेघा ओढून ठेवल्या की पुढे मीठ बरंच कमी लागतं. त्या पांढऱ्या समांतर रेघा दिसल्या की समजावं, उद्या शाळेला सुट्टी असण्याची शक्यता आहे.

खरी गंमत साठवणीत आहे. मला तरी या सगळ्या प्रकरणातला सर्वात रंजक भाग तोच वाटतो.

मीठ ओतलं की त्याचा ढीग आपला उतार आपणच ठरवतो, साधारण 32 अंशांचा. त्यापेक्षा उभा ढीग राहत नाही, घसरतो. म्हणजे मोकळ्या जागेत 15 मीटर त्रिज्येचा गोल ढीग केला तर तो नऊ मीटरांच्या थोडा वर जातो आणि त्यात 2,800 टनांच्या आसपास मीठ मावतं. अमेरिकेच्या गावागावांत हायवेच्या कडेला दिसणारे घुमट याच हिशोबाने बांधलेले असतात. ढिगाचा आकार शंकूचा, म्हणून छपरालाही तोच आकार, मधली हवा वाया जात नाही. ज्याला जमिनीचा तोटा नाही त्याने खुशाल घुमट बांधावा. मॅनहॅटनमध्ये जमीन सोन्याच्या भावाची, त्यामुळे ढीग पसरू न देता वर चढवावा लागतो. वर चढवायचा तर भिंतींनी त्याला धरून ठेवायला हवं, आणि पाच हजार टन मीठ भिंतीला आतून जो रेटा देतं तो धरणाच्या भिंतीवरच्या पाण्यासारखा तळाशी वाढत जातो. स्प्रिंग स्ट्रीटच्या भिंती सहा फूट जाड आहेत त्या उगाच नव्हे. शिवाय आत लोडर फिरतो. रात्री तीन वाजता घाईत असलेल्या लोडरचं फावडं भिंतीवर आदळणारच, हे धरूनच बांधावं लागतं.

दुसरा शत्रू पाणी. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा ओढायला लागतं. खाली आली की तोच ओलावा सुटतो आणि खडे एकमेकांना चिकटून वर पापुद्रा धरतो. तो टाळायला मिठात सोडियम फेरोसायनाइड नावाचं द्रव्य अगदी थोड्या प्रमाणात मिसळतात. नावात सायनाइड आहे म्हणून दचकायला नको. हेच द्रव्य काही देशांत जेवणाच्या मिठातही चालतं. तरीही पापुद्रा धरतोच. लोडरने खालून मीठ उपसत नेलं की वर कडक झालेलं मीठ छज्ज्यासारखं पुढे लोंबत राहतं आणि अचानक खाली येतं. मिठाच्या गोदामात काम करणाऱ्याला पहिली ताकीद असते ती हीच: ढिगाच्या पायथ्याशी खालून कोरत जाऊ नकोस, वरचा भाग आधी मोडून घे.

पाऊस पडला तर नुकसान दुहेरी. मीठ वाहून जातं आणि जिथे जातं तिथली विहीर नासते. म्हणून डेपो बांधताना जमिनीचं काम आधी करतात. फरशी पाणी न झिरपणारी हवी, डांबराची किंवा लेप दिलेल्या काँक्रीटची, आणि तिचा उतार असा की पडलेलं पाणी ढिगाकडे न जाता बाहेर निघावं. दार वाऱ्या-पावसाच्या तोंडाला नको. दारासमोर ट्रक भरताना जे मीठ सांडतं ते वादळ संपल्यावर झाडून आत घ्यायचं. ही शेवटची गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटते, पण डेपोच्या अवतीभवतीचं पाणी खारट होण्यात दारासमोरच्या याच सांडलवंडीचा वाटा मोठा असतो. ट्रक धुण्याची जागाही आलीच. मिठात रात्रभर फिरलेला ट्रक न धुता ठेवला तर दोनचार हिवाळ्यांत त्याचं बूड गंजून जातं, आणि धुतलेलं पाणी नाल्यात सोडून चालत नाही.

भिंतीसाठी सामान निवडणं हाही एक पेच आहे. जुन्या जाणत्या डेपोंमध्ये लाकूड दिसतं, कारण मीठ लाकडाचं फारसं काही बिघडवत नाही. उलट मिठाने मुरलेल्या लाकडाला कीड लागत नाही. फक्त खिळे आणि बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस हवेत. काँक्रीटची गोष्ट वेगळी. काँक्रीटला बारीक छिद्रं असतात, त्यांतून क्लोराइड आत शिरतं, आतल्या लोखंडी सळ्या गाठतं, त्या गंजून फुगतात आणि काँक्रीट आतून फुटतं. मुंबईत समुद्राकाठी राहणाऱ्यांनी आपल्या बाल्कनीच्या छतावर ही करणी पाहिलेली असते. त्यामुळे मिठाची कोठी काँक्रीटची करायची तर ते घट्ट हवं आणि सळ्या पृष्ठभागापासून खोल हव्यात. जाड भिंतीचा इथेही उपयोग होतो.

आता शेजाऱ्यांचा प्रश्न.

स्प्रिंग स्ट्रीटच्या मिठाचं कूळ थोडं उत्तरेला, गॅन्सव्हूर्ट नावाच्या भूशिरावर आहे. हडसनमध्ये घुसलेल्या त्या तुकड्यावर सफाई खात्याचा जुना कारभार होता. कचऱ्याच्या गाड्यांचा तळ, मिठाचा ढीग, बंद पडलेली कचरा जाळायची भट्टी. 1998 मध्ये राज्याने हडसन नदीकाठची पट्टी उद्यान म्हणून राखायचा कायदा केला, आणि गॅन्सव्हूर्ट त्या उद्यानाच्या हद्दीत आलं. खातं काही हलेना. उद्यानाच्या पाठीराख्यांनी दावा ठोकला. 2005 मध्ये तडजोड झाली: शहराने तिथून निघायचं. निघायचं, पण जायचं कुठे? खात्याला नदीकाठचीच जागा हवी होती, कारण त्या भागांतले रस्ते तिथूनच जवळ. शोधता शोधता स्प्रिंग स्ट्रीटचं कुरिअर कंपनीच्या गाड्या उभ्या राहायचं मैदान सापडलं.

तिथे तीन भागांच्या, म्हणजे मॅनहॅटनच्या 1, 2 आणि 5 क्रमांकाच्या जिल्ह्यांच्या कचरागाड्यांचं पाचमजली गॅरेज आणि रस्त्यापलीकडे मिठाची कोठी, असा बेत ठरला. तोवर आजूबाजूची जुनी गोदामं लॉफ्टमध्ये रूपांतरित झाली होती आणि त्यांत पैसेवाले राहायला आले होते. साहजिकच गदारोळ झाला. ‘सोप्रानोज’ मालिकेतला जेम्स गॅन्डॉल्फिनी आणि गायक लू रीड यांच्यासारखी नावं विरोधकांत होती. त्यांचं म्हणणं सगळंच चूक नव्हतं. पाच नंबरचा जिल्हा म्हणजे मिडटाउन. तिथल्या गाड्यांचं ओझं आमच्या डोक्यावर का, हा त्यांचा मुद्दा वजनदारच होता. त्यांनी वर बाग आणि खाली लहान गॅरेज असा पर्यायी आराखडाही करून आणला. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने शहराच्या बाजूने कौल दिला.

मला या भांडणात शहराची बाजू जास्त पटते, आणि त्याचं कारण मिठाशी नाही, न्यायाशी आहे. न्यूयॉर्कच्या कचऱ्याचा इतिहास पाहिला तर दक्षिण ब्रॉन्क्स, उत्तर ब्रुकलिन, आग्नेय क्वीन्स ही नावं पुन्हा पुन्हा येतात. शहरभरचा कचरा तिथे उतरायचा, तिथून बाहेर जायचा, आणि तिथे राहायचे ते बहुतेक गरीब, काळे आणि लॅटिनो. 1989 मध्ये शहराच्या सनदेत सुधारणा झाली तेव्हा ‘रास्त वाटा’ नावाचं तत्त्व तिच्यात घातलं गेलं: नकोशा सार्वजनिक सोयी सगळ्या भागांत वाटून द्यायच्या, एकाच भागात कोंबायच्या नाहीत. कागदावर तत्त्व सोपं. पण खालच्या मॅनहॅटनसारख्या भागाने आपल्या कचऱ्याच्या गाड्या आणि आपलं मीठ आपल्याच हद्दीत ठेवणं, हे त्याचं प्रत्यक्षातलं उदाहरण झालं. पुण्याच्या वाचकांना फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही नावं सांगायला नकोत. अख्ख्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं त्या दोन गावांनी अंगावर घेतला, विहिरी नासल्या, तेव्हा कुठे गाड्या अडवल्या. कोरेगाव पार्कने आपला कचरा आपल्याकडे ठेवावा, असं म्हणायची हिंमत आपल्याकडे कुणी केली नाही.

मात्र शहराने नुसता हट्ट केला नाही. ब्लूमबर्ग महापौर असताना, 2004 पासून, सार्वजनिक बांधकामाच्या खात्याने एक धोरण राबवलं होतं. अग्निशमन केंद्र असो की पोलीस चौकी, तिचं काम केवळ स्वस्त निविदेवर न देता चांगल्या वास्तुविशारदांकडे द्यायचं. स्प्रिंग स्ट्रीटचं काम डॅटनर आर्किटेक्ट्स आणि डब्ल्यूएक्सवाय या दोन संस्थांना मिळालं. त्यांनी गॅरेज आणि कोठी या एकमेकींच्या उलट स्वभावाच्या दोन वस्तू केल्या. गॅरेज मोठं, जवळपास दीडशे गाड्यांचं, पण त्याला बाहेरून जाळीदार धातूच्या पट्ट्यांचा पडदा. उन्हाप्रमाणे त्या पट्ट्या वळतात, आणि वर दीड एकराची हिरवळ. खर्च सुमारे 25 कोटी डॉलर. त्याच्यासमोरची कोठी लहान, पण भक्कम. मिठाचा खडा मोठा करून ठेवावा तशा पैलूंची.

जवळ जाऊन पाहिलं की त्या पैलूंचं कामही कळतं. भिंत खाली आत वळते, त्यामुळे पादचाऱ्याला फुटपाथ रुंद मिळतो आणि 69 फुटांचा डोंगर अंगावर येत नाही. पायथ्याला सभोवार काचेची चर ठेवली आहे, रात्री तिच्यातून प्रकाश येतो. दार 35 फूट उंच, कारण आत-बाहेर अवजड गाड्यांची ये-जा असते. काँक्रीटवर रंग नाही, टाइल नाही, मुलामा नाही. आपल्याकडच्या सरकारी इमारतींना दर दिवाळीला फासल्या जाणाऱ्या पिवळ्या रंगाची आठवण होते, आणि हेवा वाटतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वास्तुसमीक्षक मायकेल किमेलमन यांनी उघडल्या उघडल्या तिची तारीफ केली. ज्या नावडत्या मिठाला कोर्टात खेचलं होतं, ते बघायला आता वास्तुकलेचे विद्यार्थी कॅमेरे घेऊन येतात. आणि जुन्या गॅन्सव्हूर्टचं काय झालं? 2023 च्या ऑक्टोबरपासून तिथे वाळूचा किनारा असलेली बाग आहे. मीठ हललं नसतं तर ती झाली नसती.

इमारतीच्या कौतुकात माणसं राहून जाऊ नयेत. न्यूयॉर्कमध्ये बर्फ हटवायला वेगळं खातं नाही. कचरा उचलणारे तेच बर्फ हटवतात. पहिल्या भुरभुरीबरोबर स्प्रेडर बाहेर पडतात. दोन इंचांच्या वर थर गेला की कचऱ्याच्या गाड्यांनाच पुढे प्लाऊचं पातं बसवतात, टायरांना साखळ्या गुंडाळतात आणि त्या रस्त्यावर उतरतात. मग बारा-बारा तासांच्या पाळ्या. त्या दिवसांत कचरा फुटपाथवर साचत राहतो आणि बर्फ सरला की ढिगावर ढीग उचलायलाही हेच हात. या शहरात पोलिसांना ‘फायनेस्ट’, अग्निशमन दलाला ‘ब्रेव्हेस्ट’ आणि सफाई कामगारांना ‘स्ट्राँगेस्ट’ म्हणतात. पगार आणि निवृत्तिवेतन बरं असल्याने या नोकरीच्या परीक्षेला तोबा गर्दी असते. आपल्याकडे सफाईचं काम ज्या जातींच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या अडकवलं, त्यांच्या संदर्भात हे वाक्य दोनदा वाचण्यासारखं आहे.

मीठ येतं कुठून, हाही भूगोलाचा धडाच आहे. काही न्यूयॉर्क राज्यातल्याच खाणींतून. कायुगा तलावाच्या तळाखाली दोन हजार फुटांहून खोल एक खाण आहे. रेट्सॉफ नावाची दुसरी, एकेकाळची देशातली सर्वात मोठी खाण, 1994 च्या मार्चमध्ये छत कोसळून पाण्याने भरत गेली. आणि काही मीठ थेट चिलीतून येतं, अटाकामा वाळवंटातल्या सालार ग्रांदेतून. जगातल्या सर्वात कोरड्या भागांपैकी एकातलं मीठ जहाजाने स्टेटन आयलंडच्या धक्क्यावर उतरतं आणि न्यूयॉर्कच्या चिखलात विरघळतं.

विरघळल्यावर ते जातं कुठे, याचं उत्तर मात्र देखण्या कोठीतही सापडत नाही. अमेरिकेत रस्त्यावर मीठ टाकायचा प्रयोग 1938 मध्ये न्यू हॅम्पशायरने सुरू केला. 1941-42 च्या हिवाळ्यात अख्ख्या देशाच्या महामार्गांवर मिळून 5,000 टन मीठ पडलं, म्हणजे आज स्प्रिंग स्ट्रीटच्या एका कोठीत मावतं तेवढं. आता देशात वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास आणि काही वर्षी त्याहून जास्त पडतं. स्प्रिंग स्ट्रीटवरचं मीठ हडसनमध्ये जातं, आणि तिथे भरतीचं खारं पाणी आधीच येत असतं, म्हणून फारसं बिघडत नाही. बिघडतं ते उत्तरेला, जिथून शहराला प्यायचं पाणी येतं. न्यू क्रोटन जलाशयातलं क्लोराइड तीन दशकांत तिप्पट झालं आहे. त्याचा मोठा भाग आसपासच्या रस्त्यांवरच्या आणि पार्किंगच्या मैदानांवरच्या मिठाचा. मीठ कुजत नाही, उडून जात नाही, आणि गाळून काढायचं तर खर्च डोळे पांढरे करणारा. अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरातल्या लोकांच्या विहिरी खारट झाल्या, तेव्हा 2020 च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्याला मीठ कमी करण्यासाठी कायदा करावा लागला.

पर्याय शोधणं चालू आहे. विस्कॉन्सिनच्या पोल्क काउंटीने चीज बनवताना उरणारं खारं पाणी रस्त्यावर टाकून पाहिलं. कुठे बीटची साखर काढल्यावर उरणारी मळी मिसळतात. वास येतो, पण चालतं. तरी सगळ्यात मोठा फायदा कमी टाकण्यातच आहे. वेळेवर, ओलं करून, मोजून टाकायचं. त्यासाठी डेपो जवळ हवा, मीठ कोरडं आणि सुटं हवं, ब्राइनची टाकी हवी, स्प्रेडरचं माप नीट लावलेलं हवं. उघड्यावर ताडपत्रीखाली ढेकळं झालेलं मीठ टाकणारा ट्रक एका जागी घमेलंभर ओततो आणि पुढचे शंभर फूट कोरडे सोडतो. त्या अर्थाने दोन कोटी डॉलरची कोठी चैन नव्हती.

शहराने आपला भाग केला. उरलेला भाग ज्यांच्या हातात आहे त्यांतले बरेच जण हा अंक वाचत असतील, कारण न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमधल्या मराठी घरांत दिवाळी अंक पोचतो त्याच सुमारास दुकानात मिठाच्या पिशव्याही येऊन पडतात. घरासमोरचा फुटपाथ साफ करणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, आणि घसरून पडलेला शेजारी दावा करील या धास्तीने आपण अर्धी पिशवी रिकामी करतो. बारा औंसांचा एक कॉफीचा मग, एवढं मीठ वीस फूट ड्राइव्हवेला किंवा फुटपाथच्या दहा चौकोनांना पुरतं. आधी फावड्याने बर्फ काढा, मग मीठ टाका. उणे 9 च्या खाली पारा गेला तर त्या दिवशी मीठ टाकूच नका, वाळू टाका. आणि बर्फ गेल्यावर जे खडे पायाखाली करकरतात, ते झाडून परत पिशवीत भरा. पुढच्या वादळाला तेच चालतात. एक चमचाभर मीठ पाच गॅलन पाणी माशांना कायमचं नकोसं करतं.